चाकांवरचे बिऱ्हाड : निवृत्त दांपत्याने खान्देशात गाडीत राहून कसे फिरावे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. निवृत्तीनंतर मी आणि माझे यजमान वर्षातले चार महिने तसे बिऱ्हाड घेऊन हिंडतो, फक्त ते आमच्या पाठीवर नसून चार चाकांवर असते. मी अमळनेरला शाळेत गणित शिकवत होते आणि यजमान एसटीच्या कार्यशाळेत होते. आमचा हा चौथा हिवाळा आहे. भेटणारे समवयस्क पहिला प्रश्न गाडीविषयी विचारतात : कोणती घेतली, किती खर्च आला, आत काय काय बसवले? अनुभवाने मला असे वाटते की गाडीचा प्रश्न त्यामानाने सोपा असतो. रात्री कुठे थांबायचे, कोणाला विचारून थांबायचे आणि किती वाजता थांबायचे, या तीन गोष्टी ज्यांना जमल्या त्यांचे बिऱ्हाड साध्या गाडीतही सुखाने चालते. म्हणून या लेखात गाडीबद्दल आवश्यक तेवढे सांगून मुक्कामाबद्दल अधिक सांगितले आहे.

पहिली पायरी : गाडी घेण्याआधी तीन रात्री

कोणताही खर्च करण्यापूर्वी दोघांनी सलग तीन रात्री गाडीत काढून पाहाव्यात. भाड्याची कॅम्पर व्हॅन मिळाली तर उत्तम, नाहीतर स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या मोठ्या गाडीची मागची आसने काढून त्यात गादी टाकली तरी परीक्षेपुरते काम भागते. या तीन रात्री दूर जाऊ नये. एखाद्या देवस्थानाच्या भक्तनिवासाच्या आवारात, परवानगी घेऊन, गाडीत झोपावे, म्हणजे प्रकृतीला मानवले नाही तर शेजारीच खोली मिळते. पहिल्या रात्री नवलाई असते, दुसऱ्या रात्री कंबर बोलू लागते आणि तिसऱ्या रात्री खरे उत्तर मिळते. रात्री दोनदा शौचाला उठावे लागते का, पायरी चढताना गुडघा धरतो का, शेजारून ट्रक गेला की झोप मोडते का, हे सगळे दोघांनी वेगवेगळे वहीत लिहून ठेवावे आणि मगच एकमेकांना दाखवावे. बोलून विचारले तर एक जण दुसऱ्याच्या उत्साहाला दुखवायचे नाही म्हणून गप्प राहतो, आणि लिहिताना तो संकोच राहत नाही.

दुसरी पायरी : गाडी आणि कागदपत्रे

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर या आकाराची गाडी दोघांना पुरते. त्याहून मोठी गाडी तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेत वळत नाही, आणि खान्देशातले पाहण्यासारखे निम्मे रस्ते अरुंदच आहेत. गाडीच्या आत बदल करून घ्यायचे असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि काम झाल्यावर नोंदणी पुस्तकात गाडीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. हा बदल विमा कंपनीलाही लेखी कळवावा, कारण कागदावर प्रवासी गाडी आणि प्रत्यक्षात आत पलंग व ओटा असेल तर अपघाताच्या वेळी दावा अडतो.

चालकाच्या परवान्याकडे निवृत्त माणसांचे हमखास दुर्लक्ष होते. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा हे काम पावसाळ्यात घरी असतानाच उरकावे. माझे आग्रहाचे सांगणे असे की परवाना दोघांकडेही असावा आणि गाडी दोघांनाही चालवता यावी. मी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ही मोठी गाडी चालवायला शिकले. रात्री-अपरात्री यजमानांच्या छातीत दुखू लागले तर मी कोणाला हाक मारणार, एवढा एकच विचार त्यामागे होता. गाडीला फास्टॅग लावलेला असावा. विमा, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि दोघांची आधार कार्डे यांच्या प्रती मोबाइलमधल्या डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये ठेवाव्यात व कागदी प्रतींचा एक संच गाडीत ठेवावा.

तिसरी पायरी : आतली मांडणी वयाला धरून करावी

कार्यशाळेत गेल्यावर कारागीर दिखाऊ गोष्टी सुचवतात. आपण मात्र स्वतःच्या गुडघ्यांना विचारावे. दाराची पायरी जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर असावी, आणि गाडीची उंची जास्त असेल तर मध्ये एक घडीची पायरी लावून घ्यावी. दारालगत हाताने घट्ट धरता येईल असा उभा दांडा हवाच. पलंग साध्या खुर्चीइतक्या उंचीचा, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवावा, म्हणजे बसता-उठता त्रास होत नाही. वर चढून झोपण्याची व्यवस्था नातवंडांना आवडते, परंतु आपल्या वयाला ती अजिबात नको. पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता आले पाहिजे, कारण एकाला रात्री उठायचे असेल तेव्हा दुसऱ्याला ओलांडून जावे लागले तर चार दिवसांत दोघांचीही झोप बिघडते.

वजनाचा तोल हा दुसरा महत्त्वाचा विषय आहे. आमच्या गाडीचे काम करणाऱ्याने पाण्याची टाकी, बॅटरी आणि कपाट ही तिन्ही एकाच अंगाला बसवली होती. टाकी भरली की गाडी डावीकडे झुकत असे आणि वळणावर ते स्पष्ट जाणवत असे. शेवटी बॅटरी दुसऱ्या अंगाला हलवावी लागली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे काम सुरू होण्याआधी कागदावर मांडून पाहावे आणि जड वस्तू शक्यतो खाली व दोन चाकांच्या मधल्या भागात घ्याव्यात.

चौथी पायरी : पाणी, वीज आणि गॅस यांचा हिशेब

पाण्यापासून सुरुवात करू. दोघांना पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, भांड्यांसाठी आणि बादलीभर पाण्यात आटोपणाऱ्या अंघोळींसाठी दिवसाला साधारण ४० लिटर पाणी लागते. शंभर लिटरची टाकी असेल तर दोन दिवस निर्धास्त जातात. पिण्याचे पाणी मात्र या टाकीतले वापरू नये. आता बहुतेक मोठ्या गावांत शुद्ध पाण्याचा २० लिटरचा जार मिळतो, तो वेगळा ठेवावा. पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, हवा आणि स्वच्छतागृह उपलब्ध असते, त्यामुळे डिझेल भरतानाच तिन्ही कामे उरकण्याची सवय लावून घ्यावी. शौचासाठी उचलून नेता येणारी, बंद झाकणाची साधारण २० लिटरची पेटी गाडीत असावी, तथापि ती रात्रीसाठी आणि आजारपणासाठी राखून ठेवावी. ती सार्वजनिक शौचालयातच, तेथील माणसाला सांगून रिकामी करावी. नाल्यात किंवा शेताच्या बांधाआड ती ओतणे म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे दार त्या गावात बंद करणे होय.

विजेचा हिशेब मी आमच्या वहीतून देते. लहान १२ व्होल्टचा फ्रिज हिवाळ्यात दिवसाला सुमारे ४०० वॅट-तास घेतो. पाच वॅटचे चार दिवे चार तास लावले तर ८०, मोबाइल व पाण्याचा पंप यांचे ७०, आणि ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीअखेर ३० वॅटचा पंखा आठ तास चालवला तर २४०. एकूण बेरीज ७९० होते, म्हणजे आपल्या वीजबिलावरच्या एका युनिटहूनही कमी. छपरावर २०० वॅटची सौर पट्टी असेल तर खान्देशातल्या स्वच्छ हिवाळी उन्हात दिवसाला साधारण ७०० ते ८०० वॅट-तास मिळतात, म्हणून उत्पन्न आणि खर्च जवळजवळ जुळतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १८०० वॅट-तास साठतात, परंतु ती साध्या शिसे-आम्लाची असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. या गणितात एअर कंडिशनर बसत नाही. तो बसवण्याचा मोह धरण्यापेक्षा उन्हाळ्यात फिरणेच टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपुलकीने विहिरीवरच्या मोटारीची वीज देऊ केली तरी तिच्यावर विसंबू नये. शेतीची वीज ठरावीक तासांनाच येते, कित्येकदा मध्यरात्री येते, आणि तिचा दाबही वरखाली होत असतो.

गॅसच्या बाबतीत तडजोड चालत नाही. पाच किलोचा लहान सिलिंडर पुरेसा होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झडप किंवा भोक असलेच पाहिजे. झोपण्यापूर्वी सिलिंडरची कळ बंद करणे हे काम रोज एकाच व्यक्तीने करावे आणि दुसऱ्याने ते पाहावे. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि मग कोळशाची शेगडी आत घेण्याचा विचार मनात येतो. बंद गाडीत शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. थंडीसाठी वाकळ आणि लोकरीचे मोजे घ्यावेत, शेगडी कधीही आत आणू नये, आणि थंडी कितीही असली तरी एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. त्यामुळे श्वासाच्या वाफेने काचा आणि गाद्याही ओलसर होत नाहीत.

पाचवी पायरी : ऋतू आणि मार्ग

खान्देशात या फिरतीचा काळ दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा धरावा. मार्च संपता संपता पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याची गाडी भट्टीसारखी तापते. पावसाळ्यात काळी जमीन हीच मोठी अडचण असते, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

नवख्यांनी पहिला दौरा तापीच्या उत्तरेकडच्या रस्त्याने करावा, असे मी सुचवते. मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर आहे, तेथून सुरुवात करून रावेर, यावल, चोपडा, शिरपूर आणि शहादा असे पश्चिमेकडे जाता येते. उजव्या हाताला सातपुड्याची रांग आणि डाव्या हाताला केळीचे मळे अशी ही वाट आहे. यावलजवळ मनुदेवी, अडावदजवळ उनपदेवाचा गरम पाण्याचा झरा, पुढे तापीकाठी प्रकाशा, असे टप्पे पडतात. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात, म्हणून सुरुवातीलाच तेथे एक सकाळ राखून ठेवावी.

दिवसाला ६० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री राहावे. एका रात्रीच्या मुक्कामात सामान लावणे आणि काढणे एवढेच होते. दोन रात्री राहिले की मधला एक पूर्ण दिवस आपला असतो. त्या दिवशी गाडी हलवू नये आणि शहरात किंवा गर्दीच्या ठिकाणी जायचे असेल तर एसटीने जावे. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांना वयाच्या ६५ वर्षांपासून अर्धे तिकीट आणि ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर मोफत प्रवास मिळतो, शिवाय महिलांना सर्वच वयांत निम्मे भाडे आहे. गाडी एका जागी सुरक्षित ठेवून लाल परीने फिरण्यात डिझेल वाचते आणि वाहनतळ शोधण्याचा शीणही वाचतो.

दिवस ठरवताना पंचांग जवळ ठेवावे. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात मंगळवारी मोठी गर्दी असते. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, गाडी उभी करायला जागा मिळत नाही. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तेथला घोड्यांचा बाजार पाहण्यासारखा असतो, परंतु गाडी दूरच्या गावी ठेवूनच तेथे जावे. महाशिवरात्रीच्या काळात मुक्ताई-चांगदेवाची यात्रा असते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते, हे आधीच लक्षात असले की पूर्ण दिवस वाया जात नाही.

तोरणमाळ पहिल्या दौऱ्यात शेवटी ठेवावे. शहाद्याहून ते सुमारे ५५ किलोमीटरवर आहे, उंची ११०० मीटरहून अधिक आहे आणि घाट वळणावळणाचा आहे. डिझेल व पाणी शहाद्यालाच पूर्ण भरून घ्यावे आणि सकाळी लवकर निघावे. एसटीच्या जुन्या चालकांचा नियम यजमान नेहमी सांगतात : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरले की ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी धरत नाहीत.

सहावी पायरी : मुक्कामाची जागा

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्यांतून होणाऱ्या, पर्यटनाचे धोरण आणले, तरी आपल्या भागात वीज-पाण्याची सोय असलेल्या तयार तळांवर विसंबून बेत आखता येत नाही. जागा आपणच शोधावी लागते, आणि त्यासाठी पहिला नियम वेळेचा आहे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चार वाजता गाडी मुक्कामी उभी असली पाहिजे. उजेडात जमीन दिसते, वरून गेलेल्या विजेच्या तारा दिसतात, शेजारी कोण राहते ते दिसते आणि जागा पटली नाही तर दुसरी शोधायला दोन तास हाताशी असतात. शिवाय अंधार पडल्यावर शहादा-शिरपूरकडच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि कपाशीने दोन्ही अंगांना फुगलेले टेम्पो असतात. रात्री गाडी चालवायची नाही, हा आमच्या घरचा अलिखित कायदा आहे.

दुसरा नियम परवानगीचा. गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलांचे घर विचारावे. आपण कोण, कोठले, किती रात्री थांबणार, हे स्वतःहून सांगावे आणि आधार कार्ड दाखवावे. आम्ही हे नेहमी दोघे मिळून करतो, कारण वयस्कर नवरा-बायको दारात उभे असले की समोरच्याच्या मनातली शंका तेथेच विरते. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ओट्यावर बसलेली एखादी आजी विचारते, "कथा जाई ऱ्हायनात?" म्हणजे कुठे निघालात, आणि आपण अहिराणीत मोडके-तोडके उत्तर दिले तरी चहाचे आधण चुलीवर चढते. पोलीस पाटील मग शाळेचे मैदान, ग्रामपंचायतीचे आवार किंवा मंदिराचा परिसर सुचवतात. शाळेच्या मैदानावर शनिवारी दुपारनंतर थांबावे आणि सोमवारी शाळा भरण्यापूर्वी तेथून निघावे. मंदिराच्या आवारात थांबल्यास तेथील पेटीत यथाशक्ती रक्कम टाकावी, आणि शेतकऱ्याच्या खळ्यावर थांबल्यास पैसे देऊ नयेत, त्याचा त्यांना राग येतो. त्यांच्या मुलांसाठी वह्या किंवा घरासाठी साखरेचा पुडा द्यावा.

तिसरा नियम जमिनीचा, आणि तो आम्ही किंमत मोजून शिकलो. दुसऱ्या हिवाळ्यात चोपडा तालुक्यात एका शेताच्या कडेला, वाळून टणक झालेल्या जमिनीवर आम्ही गाडी उभी केली. रात्री अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली, जेमतेम अर्धा तास. सकाळी मागची दोन्ही चाके तुंब्यापर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत, रुतलेली होती आणि दाराबाहेर पाऊल टाकले की चप्पल चिखलातच राहत होती. काळी माती पाण्याने फुगते आणि लोण्यासारखी होते. शेताचे मालक ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आम्हाला गरम दूध दिले आणि मग दोर बांधला. त्यानंतर आम्ही मुरूम, खडी किंवा काँक्रीट असल्याशिवाय थांबत नाही, मग आकाश कितीही निरभ्र असो. नदीच्या पात्रातल्या वाळूवरही कधी थांबू नये. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि वर कोठे पाऊस झाला व पाणी सोडले गेले की खाली राहणाऱ्यांना विचार करायलाही वेळ मिळत नाही.

चौथा नियम जंगलाचा. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्ये आहेत. त्यांच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नये आणि चूल पेटवू नये. चाळीसगावजवळची पाटणादेवी गौताळ्याच्या हद्दीत येते, म्हणून मुक्काम चाळीसगावला ठेवून सकाळी जावे. पाटण येथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख आहे, त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे पाठशाळा काढली असे त्यात कोरलेले आहे. गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला त्या जागी उभे राहून भरून आले, आणि तेथे घाईने जाऊन येऊ नये एवढेच मी सुचवीन.

जागा ठरली की गाडी समतल करावी. ओट्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला की उतार कळतो. खालच्या बाजूच्या चाकाखाली लाकडी फळी घालावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. दार पूर्वेला येईल अशी गाडी उभी केल्यास सकाळचे ऊन आत येते आणि गुडघे लवकर मोकळे होतात.

रोजचा क्रम

सकाळी सहाला उठून फिरणे, मग चहा, औषधे, अंघोळ आणि न्याहारी. निघायचे असेल त्या दिवशी साडेनऊपर्यंत निघावे. त्यापूर्वी चाके थंड असतानाच त्यांची हवा पाहावी, एक जण गाडीभोवती पूर्ण फेरी मारतो आणि दुसरा आतली कपाटे, गॅस व झडपा बंद असल्याची खात्री करतो. ही यादी आम्ही दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे आणि पाठ असूनही रोज मोठ्याने वाचतो. पादत्राणे आत ठेवावीत आणि घालण्यापूर्वी झटकावीत. केळीच्या मळ्यांजवळ आणि खळ्यांवर विंचू निघतात.

स्वयंपाक साधा ठेवावा. तळण गाडीत करू नये, त्याचा वास आठवडाभर गाद्यांत राहतो. सकाळी वरण-भात किंवा खिचडी आणि संध्याकाळी भाकरी-भाजी, असे आमचे चालते. कळण्याचे, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, पीठ घरूनच दळून आणतो. भाजी आठवडे बाजारातून दोन-तीन दिवसांची घ्यावी, आणि पुढच्या गावाचा बाजार कोणत्या वारी असतो ते भाजीवालीलाच विचारावे. थंडीत यावल तालुक्यातल्या बामणोदची हिरवी वांगी मिळाली तर सोडू नयेत. ती गॅसवर भाजू नयेत. खळ्याच्या मालकाला विचारून कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजावीत, आणि बहुधा तेच पुढे होऊन भाजून देतात.

औषधे आणि पेन्शन

रोजच्या औषधांचा दीड महिन्याचा साठा असावा आणि तो दोन पिशव्यांत विभागलेला असावा, म्हणजे एक हरवली तरी दुसरी राहते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्यात, पण फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नयेत, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दोघांच्या आजारांची, औषधांची आणि रक्तगटाची माहिती मोठ्या अक्षरात मराठीत लिहून समोरच्या काचेजवळ लावावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत. मात्र सातपुड्याच्या आत मोबाइलला संपर्क मिळतोच असे नाही, त्यामुळे नव्या मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे हे आधी विचारून घ्यावे. दररोज संध्याकाळी मुलांना मुक्कामाचे गाव आणि पोलीस पाटलांचे नाव कळवावे.

पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि तेव्हाच फिरती सुरू झालेली असते. जीवन प्रमाण ही सोय असल्यामुळे तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पहिल्या वर्षी तो घरूनच, मुलाबाळांच्या मदतीने देऊन निघावे आणि नंतर स्वतः करावे.

दोघांनी एका खोलीत

गाडीत दोघांना मिळून पलंगापलीकडे चार पावलांची जागा असते. घरी यजमान अंगणात आणि मी स्वयंपाकघरात असे, त्यामुळे चाळीस वर्षांत जे मतभेद झाले नाहीत ते पहिल्या दोन आठवड्यांत झाले. त्यावर दोन गोष्टी उपयोगी पडल्या. दुपारी दोन ते तीन या वेळेत एकाने बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि एकाने आत राहायचे, तेवढा वेळ कोणी कोणाशी बोलायचे नाही. दुसरी गोष्ट कामांची अदलाबदल. आठवड्यातला एक दिवस मी हवा, तेल, बॅटरीचे पाणी पाहते आणि यजमान भाकरी थापतात. आता मला स्टेपनी बदलण्यासाठी जॅक कोठे लावायचा ते ठाऊक आहे, आणि मी तापाने पडले तेव्हा यजमानांनी तीन दिवस स्वयंपाक केला.

परतल्यावर

महाशिवरात्रीनंतर घरी आल्यावर गाडी तशीच उभी करू नये. पाण्याची टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून झाकण उघडे ठेवून वाळवाव्यात. सिलिंडर काढून घरात हवेशीर जागी ठेवावा. गाद्या दोन दिवस उन्हात घालाव्यात. धान्याचा एक दाणाही कपाटात राहू देऊ नये, कारण उंदीर आधी दाण्यांसाठी येतात आणि मग वायरी कुरतडतात. आम्ही गाडी कडुनिंबाखाली ठेवतो, चाकांवर पोत्याची झूल टाकतो आणि पंधरा दिवसांनी एकदा गाडी थोडी पुढे-मागे करतो, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. सौर पट्टी सावलीत आल्यामुळे बॅटरी महिन्यातून एकदा घरच्या विजेवर भरून घ्यावी लागते. नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी टाकी धुऊन पुन्हा भरतो आणि नळ्या कोठे गळतात का ते पाहतो, म्हणजे दुरुस्तीला दसऱ्यापर्यंत हातात नऊ दिवस मिळतात.